तिसरीच्या वर्गाचा हिशेब : शिक्षण खात्यातल्या साहेबांना एका दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि त्यांच्याही वरचे सर्व साहेब व मॅडम,

स. न. वि. वि.

शिक्षण खात्यात उद्या काय आहे, हे मला आदल्या रात्रीच कळतं. मी कृष्णाकाठच्या एका गावात किराणा दुकान चालवतो. आठच्या सुमाराला शटर अर्ध्यावर ओढलेलं असतं आणि लोक वाकून आत डोकावतात. "एक पांढरी कार्डशीट आहे का? आणि स्केचपेनचा पुडा. उद्या शाळेत कसला तरी दिन आहे." कधी दिन, कधी सप्ताह, कधी पंधरवडा, कधी महोत्सव. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी सूचना पडते. शिक्षकांनाही ती तासाभरापूर्वीच वरून आलेली असते, हे आता मला ठाऊक आहे. कार्डशीट घेऊन गेलेली आई अर्ध्या तासानं खोडरबर न्यायला परत येते. पोर तोवर जेवून झोपलेलं असतं. चित्र कोण काढतंय हे वेगळं सांगायला नको. सकाळी ती चित्रं धरून पोरं रांगेत उभी राहतात, फोटो निघतो, लिंक भरली जाते आणि उपक्रम 'उत्साहात संपन्न' होतो. महिन्याभरात तीच कार्डशीट रद्दीतून माझ्याकडे येते आणि तिचा पुठ्ठा मी उधारीच्या वहीला लावतो.

धंदा म्हणून यात माझा काहीच तोटा नाही. उलट तुमच्या खात्यानं माझ्या स्टेशनरीच्या फळीला बरे दिवस दाखवलेत. तरीही हे पत्र लिहितोय, कारण माझी मुलगी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेतून तिसरी झाली, मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांतून निवडून गेलेला सदस्य आहे, आणि त्या तिसरीच्या वर्गानं वर्षभरात जे केलं त्यातलं बरंचसं माझ्या दुकानात किंवा दुकानासमोर घडलं. तुमच्या फायलीत त्यातलं जवळजवळ काहीच नाही. जे फायलीत आहे, ते बहुतेक घडलेलंच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे पत्र मी वर्गाच्या बाईंना विचारून लिहिलेलं नाही. तेव्हा कारणे दाखवा नोटीस काढायची झालीच, तर ती दुकानाच्या पत्त्यावर पाठवावी.

आमची शाळा चौथीपर्यंत आहे आणि शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. तिसरीला शिकवायला लागलं की चौथीची पोरं मागून "आम्हाला येतंय" म्हणून ओरडतात. अशा वर्गात वजन-मापाचा धडा आला तेव्हा बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे जुना तराजू असेल का हो? आकडा दाखवणारा नको, दोन पारड्यांचा."

होता, माळ्यावर. वडिलांच्या वेळचा. वैधमापन खात्याच्या साहेबांच्या हाती हे पत्र पडलं तर त्यांच्यासाठी खुलासा: तो तराजू मी विक्रीला वापरत नाही. विक्री सगळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते आणि त्याला दरवर्षी रीतसर शिक्का मारून घेतो. तराजू खाली काढला, पारडी पुसली, साखळ्या सोडवल्या आणि दुपारच्या सुट्टीनंतर तिसरीचा वर्ग दुकानासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसला.

पोरांचा पहिला अर्धा तास वजनं बघण्यातच गेला. लोखंडी वजनावरचा शिक्का कशाचा, तो कोण मारतं, परत कधी मारतात? दर दोन वर्षांनी, मी म्हटलं. मग यावरचा एवढा जुना का? वापरात नाही म्हणून. मग हे वजन आता खोटं बोलतं का? हा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि मी निरुत्तर झालो. बाई म्हणाल्या, बघू या की. एकेक वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. किलोचं बरोबर भरलं, २०० ग्रॅमचं बरोबर भरलं आणि ५०० ग्रॅमचं निघालं ४९६. गंजून, झिजून चार ग्रॅम गेले होते. सगळ्यांनी वहीत लिहिलं: पाचशेचं वजन चार ग्रॅमनं कमी.

मग बाईंनी ५०० आणि २०० ही दोनच वजनं समोर ठेवली, बाकीची पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "यावर ३०० ग्रॅम शेंगदाणे मोजून दाखवा." होणारच नाही, असं बहुमतानं ठरलं. एकानं २०० टाकून "आता अंदाजानं थोडे जास्त घ्या" असा तोडगा काढला. माझ्या दुकानात हा तोडगा चालत नाही, हे मी सांगितलं. चौथीची पोरं, ज्यांना सगळं येत होतं, तीही गप्प होती.

शेवटी उठली ती त्या हंगामात वर्गात आलेली मुलगी. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली. कारखान्याचं गाळप सुरू झालं की दिवाळीनंतर टोळ्या येतात आणि त्यांची काही मुलं शाळेत बसतात. ही तिसरीत बसायची, पण तिला तिसरीचं पुस्तक नीट वाचता येत नव्हतं. माझी मात्र तिच्याशी वर्गाआधीची ओळख. आई-बाप फडात असायचे, म्हणून आठवड्याचा बाजार भरायला तीच यायची. दीड किलो साखरेचे किती, दहाची नोट मोडून किती परत, हे माझ्या काट्याच्या आधी तिच्या तोंडात असायचं. तिनं ५०० चं वजन एका पारड्यात ठेवलं, २०० चं उचललं आणि ते शेंगदाण्यांच्या पारड्यात टाकलं.

गोंधळ झाला. एक मुलगा तर चिडलाच. "वजन मालाच्या पारड्यात टाकतात का कुठं? ही फसवणूक आहे!" दुकानदार म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. ती मुलगी काही बोलली नाही, ओंजळीनं शेंगदाणे टाकत राहिली. पारडी सारखी झाल्यावर तिनं २०० चं वजन काढून घेतलं आणि म्हणाली, "आता हे तीनशे." बाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. शेंगदाणे काट्यावर ठेवले. आकडा आला २९६. चिडलेला मुलगा उडी मारून म्हणाला, "बघा, चार ग्रॅम कमी!" दोन-तीन पोरं त्याच्या बाजूनं ओरडलीही. मग माझ्या मुलीच्या शेजारी बसणारा, एरवी तोंड न उघडणारा पोरगा वही चाळत म्हणाला, "ते पाचशेचंच चार ग्रॅम खातंय."

साहेब, पाठ्यपुस्तकातला हा धडा वर्गात वीस मिनिटांत संपतो. इथं दुपार गेली. पण त्या दुपारी तिसरीच्या मुलांनी वजाबाकी पारड्यात घालून दाखवली, मोजमापातली चूक कुठून येते ते शोधलं, आणि ज्या मुलीला वर्गात सगळे 'कच्ची' समजत होते तिच्याकडून शिकले. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृतीतून आणि शोधातून शिक्षण व्हावं असं लिहिलंय ना, ते हेच असणार.

आता फायलीतलं सांगतो. बाईंनी त्या दुपारचा एक फोटो काढून वर पाठवला होता. तराजूभोवती गोल करून वाकलेली पोरं, कुणाची पाठ, कुणाचं डोकं. तासाभरात उत्तर आलं: फोटोत उपक्रमाचा बॅनर दिसत नाही, सर्व विद्यार्थी दिसत नाहीत, जागा दाखवणारा जिओ टॅग नाही, चारच्या आत पुन्हा पाठवा. बाईंनी शाळेतून बॅनर मागवला, पोरांना माझ्या दुकानासमोर उंचीप्रमाणे उभं केलं आणि दुसरा फोटो काढला. त्यात तराजू नाही, शेंगदाणे नाहीत आणि ती मुलगीही नाही, कारण रांग लावेपर्यंत ती धाकट्या भावाला घ्यायला कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, गेली होती. तुमच्याकडे आहे तो हा फोटो. बॅनर मात्र छान आलाय.

दुसरी गोष्ट पावसाची. ती जूनमध्ये सुरू झाली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालली. सगळ्या खात्याला माझं सांगणं जे आहे, ते या पावसाच्या वहीत आहे.

प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून आधी शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरून घ्यायचं, म्हणजे आकडा बरोबर येतो. अशी एक बाटली शाळेच्या परसबागेत आणि एक माझ्या दुकानाच्या छपरावर. हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजून बंद करतं, म्हणून वर्गातली जवळ राहणारी पोरं शाळा भरायच्या कितीतरी आधी येऊन आकडा घ्यायची. रविवारी कोण येणार यावरून भांडणं व्हायची, आणि ती न येण्यासाठी नव्हती, येण्यासाठी होती. एकदा कुणाच्या तरी शेळीनं शाळेतली बाटली उलथवली. त्या दिवसाच्या रकान्यात पोरांनी 'शेळी' असं लिहिलंय. बाईंनी ते खोडू दिलं नाही.

वहीत रकाने कोणते, हेही पोरांनीच ठरवलं. तारीख, मिलिमीटर, आणि तिसरा रकाना नक्षत्राचा. दुकानात पंचांग टांगलेलं असतं, त्यात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की भरपूर पाऊस, असं घरोघरचे आजोबा सांगतात. पोरांनी वाहनं लिहून घेतली आणि बाटलीशी ताडून बघायला लागली. तरण्या पावसात म्हणजे पुनर्वसूत काय झालं, म्हाताऱ्यात म्हणजे पुष्यात काय झालं. एका म्हशीच्या नक्षत्रात बाटली जवळपास कोरडी राहिली तेव्हा आमच्या कट्ट्यावरच्या एका आजोबांनी सरळ बाटलीलाच दोष दिला. दुसऱ्या एकांनी सांगितलं की खरा पाऊस बाटलीत नाही, मातीत मोजायचा: बोटं खुपसून बघा, ओल किती बोटं गेली. झालं, चौथा रकाना वाढला. 'ओल : चार बोटं.' मग बोटं कुणाची, मोठ्यांची की आपली, यावर वाद. शेवटी पट्टीनं मोजायचं ठरलं. एकच माप सगळ्यांनी का वापरायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. भांडून त्यांच्या लक्षात आलं.

आणि मग तो प्रश्न आला. आमच्याकडे चार दिवस थेंब नव्हता, बाटली कोरडी, ऊन पडलेलं, आणि नदीचं पाणी चढत होतं. घाटाच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. "आपल्याकडे पाऊस नाही तरी नदी का वाढली?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. दुकानात पेपर येतो तो रोज शाळेत द्या, एवढंच मला सांगितलं. पावसाळ्यात पेपरात कोयना धरणाच्या पाणलोटातल्या कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे पावसाचे आकडे रोज छापून येतात. पोरं ती कात्रणं कापून वहीत चिकटवायला लागली. आपल्याकडे दोन मिलिमीटर आणि त्याच दिवशी महाबळेश्वरला शंभराच्या वर! आधी त्यांना ती छपाईची चूक वाटली. मग जिल्ह्यांच्या नकाशावर बोट ठेवून कृष्णा कुठून येते, कोयना तिला कऱ्हाडला कुठं मिळते, आपण त्या संगमाच्या खाली कुठं आहोत, हे सगळं झालं. कोयना धरण १०५.२५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) आहे, हा आकडा तर आमच्याकडे पान खाणाऱ्यालाही पाठ असतो. पण धरणाचे दरवाजे उचलले म्हणजे आपल्या घाटाच्या पायऱ्या बुडतात, हा संबंध मुलांनी कात्रणं आणि पायऱ्या शेजारी शेजारी लिहून जोडला. दिशा, नकाशा, बेरीज, वाचन, सगळं एका वहीत. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हानिहाय काढलेलं आहे, ते मला फार आवडतं. मात्र पाणी जिल्ह्याची हद्द बघत नाही, हे पोरांना नदीनं शिकवलं.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे. रंग दिला तेव्हा ती मी मुद्दाम ठेवली. पोरांनी टेपनं तिची उंची मोजली, मग एकेकानं तिच्याशेजारी उभं राहून बघितलं. वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्याही डोक्यावर हातभर ती होती. तेव्हा ही मुलं कडेवर होती. घरी जाऊन त्यांनी आपापल्या आज्यांना विचारलं की तेव्हा तुम्ही काय उचललंत, कुठं गेलात, जनावरं कशी सोडलीत. दुसऱ्या दिवशी वर्गात जे लिहून आलं त्यात शुद्धलेखनाच्या भरपूर चुका होत्या. पण 'माझी आजी' हा निबंध आजवर मी जितक्या पोरांच्या वहीत पाहिला, त्यातल्या एकाही आजीनं म्हशीचं दावं कोयत्यानं कापलेलं नव्हतं.

हा पावसाचा उपक्रम तुमच्या नोंदीत कुठं बसला, ठाऊक आहे? बसलाच नाही. कारण त्याला तारीख नाही. ज्या दिवशी पाणी या विषयावर काहीतरी साजरं करायचा आदेश आला, त्या दिवशी पोरांनी घोषवाक्यं लिहिली आणि बॅनरपुढे फोटो काढला. पावसाची वही बाजूला कपाटात होती. ती कुणी मागितली नाही.

आनंद बाजाराबद्दल फार लिहीत नाही, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. भाजी आई निवडून देते, भेळेचं सामान बाप माझ्याकडून नेतो, फीत सरपंच कापतात, बारा वाजता सगळं संपतं. यंदा फरक एवढाच की बाई पुढं दोन आठवडे हिशेबच करवत बसल्या. विक्री किती, त्यातून सामानाचे किती गेले, आईनं घरातून दिलेलं तेल फुकट धरायचं का? भेळवाल्या जोडीला कळलं की ते तोट्यात आहेत, कारण चव दाखवायला म्हणून त्यांनी अर्धी भेळ मित्रांना वाटली होती. एका पोरानं दुकानात येऊन मला विचारलं, "काका, तुम्ही उधारी का देता? परत आली नाही तर?" आमच्या बँकेच्या साहेबांनीही मला हे इतक्या स्पष्ट शब्दांत कधी विचारलेलं नाही.

ऊसतोडीची ती मुलगी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, तशी टोळीबरोबर गेली. अशा मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. कार्ड घेऊन मूल कुठल्याही शाळेत गेलं की त्याला तिथं बसवून घ्यावं, अशी ती कल्पना. चांगली आहे. पण कार्डावर ती पारड्याची दुपार लिहायला जागा नाही. तिकडच्या गुरुजींना तिच्याबद्दल कळणार ते एवढंच, की वाचन कच्चं. म्हणून मुलांनी तिला आणि तिच्या शाळेला पोस्टकार्डं लिहिली. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांनाच मिळतं, त्यामुळे सुट्ट्या पैशांची पंचाईत होते आणि सगळ्यांना दोन-दोन घ्यावी लागतात. पत्ता लिहिताना पिनकोड अडला. मग वर्ग पोस्टात गेला. पोस्टमास्तरांनी नुसता आकडा दिला नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या आपल्या मराठी माणसानं, आणि ते संस्कृतचे कवी होते, इथपर्यंत सगळं सांगितलं. आपला आणि बीडचा, दोन्ही आकडे ४ नं सुरू होतात, हे पोरांनी स्वतःच हेरलं. उत्तर अजून आलेलं नाही. पण मोठे उकार, जोडाक्षरं आणि 'आपला नम्र' कुठं लिहायचं, हे तिसरीच्या वर्गाला त्या कार्डांनी शिकवलं. पत्र पोचायचं म्हटल्यावर अक्षर आपोआप सुधारतं.

या पोस्टात जाण्यासाठीही मुख्याध्यापकांना वरून तोंडी परवानगी काढावी लागली आणि पालकांची संमतीपत्रं भरून घ्यावी लागली. पोस्ट शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. ही पोरं रोज त्याच रस्त्यानं एकटी घरी जातात.

आता तुमची बाजू. तुम्हालाही वरून लिंक येते आणि दुपारी चारला जिल्ह्याला आकडा द्यावा लागतो, हे मला कळतं. शासनानं आणलेल्या योजनाही वाईट नाहीत. २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टच असं आहे की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. म्हणजे तिसरीवर सगळ्यांचाच डोळा आहे. पण आनंददायी शनिवारचाही अहवाल सोमवारी द्यावा लागतो आणि अहवाल म्हणजे पुन्हा फोटो. फोटो निघेल असंच काम मग शाळेत होऊ लागतं. चार महिने चालणाऱ्या पावसाच्या वहीचा फोटो काय काढणार?

काही शिक्षक खुबीनं दोन्ही सांभाळतात. आमच्या बाई त्यातल्या. पण दोन वर्ग, पोषण आहाराची रोजची माहिती, चाचण्यांचे गुण भरणं आणि हे दिन-सप्ताह, यातून त्या पाऊस मोजायला वेळ काढतात तो स्वतःच्या पदरचा. त्यांची बदली झाली की वहीही बंद होणार. त्यात शिष्यवृत्ती परीक्षा, जी २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली होती, ती आता पुन्हा चौथी-सातवीला आली आहे. एकाच खोलीत तिसरी आणि चौथी बसत असताना बाईंचं लक्ष कुणीकडे ओढलं जाणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. आत्ताच गावात काही पालक विचारायला लागलेत, तिसरीपासूनच सराव संच का घेऊ नयेत? माझ्या दुकानात सराव संचही मिळतात. तरी सांगतो, तिसरीत नको.

असं शिकवणं महाराष्ट्रात कुणी केलंच नाही, असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागं कुरणात शाळा घेऊन गेल्या. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटात, तर जिल्हा परिषदेच्याच शाळा होत्या, तुमच्याच खात्याचे शिक्षक आणि तुमच्याच खात्याच्या विस्तार अधिकारी. तिथं बघायला राज्यभरातून गाड्या भरून माणसं यायची. म्हणजे हे सरकारी शाळेत होत नाही, असं तुम्ही म्हणू शकत नाही.

"मग काम झालं की नाही हे आम्ही ओळखायचं कशावरून?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी दुकानदार आहे, नोंदीशिवाय धंदा होत नाही हे मला कळतं. पण नोंद मुलांकडे आहे. आमच्या तिसरीची पावसाची वही उघडा. कुठल्या दिवशी कुणी आकडा घेतला, कुठं खाडाखोड झाली, शेळीनं कधी बाटली पाडली, सगळं आहे. आनंद बाजाराचे हिशेब आहेत, तोट्याचेसुद्धा. ही नोंद खोटी करायची म्हटली तर खरं काम करण्यापेक्षा जास्त कष्ट पडतील. फोटोचं तसं नाही, तो दहा मिनिटांत होतो.

तेव्हा मागणं साधं आहे. तिसरीच्या वर्गाला वर्षातून दोन-तीनच उपक्रम करू द्या, पण महिनोन्‌महिने चालणारे, आणि कोणते ते शाळेला ठरवू द्या. त्यांचा अहवाल त्याच संध्याकाळी मागू नका, सत्राच्या शेवटी मागा. शाळेला भेट द्याल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत फायली बघण्याआधी वर्गात खाली बसून चार वह्या बघा आणि त्यातलं एखादं पान मुलाला समजावून सांगायला लावा. गावातल्या गावात, चालत जायच्या अंतरावर वर्ग न्यायचा असेल तर मुख्याध्यापक आणि आमची समिती यांची परवानगी पुरेशी धरा. सूचना पाठवायचीच असेल तर ती आठ दिवस आधी पाठवा. आणि हंगामी स्थलांतराच्या मुलांबरोबर कार्ड पाठवता तेव्हा वर्गशिक्षकाच्या हस्ताक्षरातलं अर्धं पान जोडायची मुभा द्या. या मुलाला काय येतं, एवढंच त्यावर असेल.

यातल्या कशालाही निधी लागत नाही. उलट बॅनरचे पैसे वाचतील. ते आमच्या समितीच्या खर्चात दर महिन्याला दिसतात.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी हाच मजकूर ठराव म्हणून मांडणार आहे. इतर पालक सदस्यांशी बोललोय. दोघांना पटलंय, एकाला वाटतं की फोटो बंद झाले तर शाळेचं नाव मागं पडेल, आणि एक ताई म्हणाल्या की आधी शिष्यवृत्तीचं बघा. चर्चा होईल. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत तुमच्याकडे येईल. तिच्यावर 'नोंद घेतली' असा शेरा मारून ती फाइलला लावू नका. हो किंवा नाही, आणि नाही असेल तर का, एवढं दोन ओळींत लेखी कळवा. जूनमध्ये नवी तिसरी बसेल, त्याआधी कळलं तर बरं. बाटल्या मी जमवायला घेतल्यात.

आपला,
एक किराणा दुकानदार
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती